दगडावरची तुमची काडी

दशरथभाऊ,

अर्जाच्या वरच्या बाजूला 'प्रति' लिहावे लागते, आणि त्याखाली ज्याच्याकडे दाद मागायची त्याचा हुद्दा व ठिकाण. चामोर्शीच्या तहसील कचेरीसमोर टेबल टाकून अर्ज लिहायला बसल्याला मला सत्तावीस वर्षे झाली. एवढ्या काळात 'प्रति'पाशी माझा हात कधी अडला नाही. आज अडला. तुमचे ठिकाण काय लिहावे हे मला ठरवता येईना. शेवटी ती ओळ कोरी सोडली आहे.

हा मजकूर मी आपण होऊन लिहायला घेतलेला नाही, हे आधीच नमूद करतो. तुम्हाला जाऊन अजून महिना व्हायचा आहे. मागच्या बाजाराच्या दिवशी सुमनवहिनी माझ्या टेबलासमोरच्या बाकावर येऊन बसल्या. पिशवीत वांगी आणि मेथी होती. मला वाटले, सातबाऱ्यावर वारसांची नावे चढवण्याचा अर्ज असेल. मी कोरा कागद पुढे ओढला आणि तुमचे पूर्ण नाव विचारले, जसे काही मला ते माहीत नव्हते. कागद समोर आला की मी असाच वागतो, सवय आहे. वहिनींनी हात आडवा केला.

"ते मंग पाहू. तुमी सगळ्याइले लिवता ना जी, भाऊ? कलेक्टरले लिवता, मंत्र्याले लिवता. आता त्याइले एक लिवा."

"कोणाला, वहिनी?"

"तुमच्या दशरथभाऊले. इचारा त्याइले. बाहेर आलते, आपली काडी उचलली, मंग वापस काऊन गेले जंगलात?"

मी कागदावर तारीख घातली. त्यापुढे काही लिहिता आले नाही. वहिनी म्हणाल्या, घाई नाही, पुढच्या बाजाराला येऊन ऐकीन, मला वाचता येत नाही तर तुम्हीच वाचून दाखवा. मग पिशवी उचलून गेल्या. त्यांचा प्रश्न तुम्हाला आहे, पण उत्तर माझ्याकडे आहे. सबब हा मजकूर.

सुरुवात क्रमाने करतो. वनखात्यात आयुष्यभर मजुरी करून तुम्ही निवृत्त झालात, आणि त्याच हिवाळ्यात आपली गाठ पडली. पेन्शनच्या कागदात तुमचे वय दोन वर्षांनी चुकले होते. मी तीन पानी अर्ज लिहिला. तुम्ही तो हातात तोलून पाहिलात आणि म्हणालात, "का जी वकीलसाहेब, चूक एका ओळीची आन् कागद तीन?" मी नववीपर्यंत शिकलेला माणूस. मला वकीलसाहेब म्हणणारे पुष्कळ आहेत आणि मी त्यांना कधी दुरुस्त करीत नाही. तुम्ही तसे म्हणालात तेव्हा मात्र आसपासचे सगळे हसले आणि थोड्या वेळाने मीही हसलो. वय दुरुस्त झाल्यावर तुम्ही जवसाच्या चटणीची बाटली घेऊन आलात आणि रविवारी डोंगरावर येण्याचे आमंत्रण दिलेत. माझ्या पोटाकडे पाहून दिलेत, हेही नमूद करतो.

तेव्हापासून दर हिवाळ्यात, भात कापून झाले की, रविवारची आपली मंडळी ठरली. मुलचेऱ्याकडचे कापडवाले मोंडलबाबू, शाळेतले दोन मास्तर, मी आणि तुम्ही. तुमच्या गावाच्या पायथ्यापासून घाटवाटेने वर माथ्यावरच्या खडकापर्यंत जायचे आणि उजेडी परत यायचे. वर चढून आपल्याला काही मिळत नव्हते. खडकावर बसून भाकरी खायची, खाली भाताच्या पिवळ्या पडलेल्या बांध्या आणि पलीकडचे नदीचे पात्र पाहायचे, आणि भांडायचे. भांडण आपणा दोघांचे. बाकीचे ऐकायला.

तुमचे नियम मी त्या वेळी हसण्यावारी नेत असे. आज ते मला पाठ येतात. खताच्या पोत्यातले आतले प्लास्टिक धुऊन त्यात कपड्यांची एक कोरडी जोड बांधून न्यायची आणि ती जोड कोणालाही द्यायची नाही. काडेपेटीच्या काड्या चुन्याच्या रिकाम्या डबीत ठेवायच्या आणि झाकणावर मेण ओतायचे. सुती कपडा ओला झाला की तो अंगावर ठेवायचा नाही, उघडे बसले तरी चालेल. गुळाचा खडा खिशात, पण मोहाची दारू नाही, कारण तिची ऊब उसनी असते आणि ती व्याजासकट अंगातलीच ऊब परत घेऊन जाते. घड्याळात दोन वाजले की माथा दहा पावलांवर असला तरी मागे फिरायचे. "डोंगर उद्या बी राहीन. आपलं नाई सांगता येत." आणि रात्री आत अडकलोच तर नाल्याच्या काठी बसायचे नाही, थंडी पाण्यासारखी उतारावरून खाली वाहते आणि नाल्यात साचते, म्हणून पाय मोडला तरी सरपटत टेकाडावर चढायचे आणि सागाच्या कोरड्या पानांचा ढीग अंगाखाली घ्यायचा.

मोंडलबाबूंनी एकदा वाघाचे विचारले होते. तुम्ही म्हणालात, "वाघाले सगळेच भेतेत, म्हणून वाचतेत. थंडीले कोनी भेत नाई ना बाबू, तेच वाईट." आम्हाला हा विनोद वाटला होता. आपल्याकडे एप्रिल-मेच्या उन्हाने माणूस मरतो हे पोराटोरांना ठाऊक आहे. थंडीने मरतो हे कोणाच्या डोक्यात येत नाही.

आणि सगळ्यांत मोठा नियम काडीचा.

घाटाच्या तोंडाशी देवाची रास आहे. जंगलात शिरणारा माणूस तिच्यावर एक दगड किंवा पाला टाकतो आणि वाट मागतो. हे आपल्या आजोबांच्याही आधीपासून चालत आले आहे. तो दगड तिथेच राहतो, तो देवाचा. तुम्ही त्या राशीशेजारच्या सपाट दगडावर दुसरी रीत लावलीत. आत जाताना प्रत्येकाने एक काडी त्यावर ठेवायची आणि बाहेर येताना आपली काडी उचलायची. तुम्ही तिला हाजरी म्हणायचात. मंडळींतल्या प्रत्येकाच्या काडीला खूण होती. माझ्या काडीला फायलीची लाल फीत बांधलेली असे. तुमची बांबूची, साल सोललेली, एका टोकाला खाच. समोर भिवराबाईंची चहाची टपरी. दिवस बुडताना टपरी झाकण्याआधी त्या हात कपाळावर धरून दगडाकडे पाहत. दगड रिकामा, तर सगळे बाहेर. काडी उरली, तर कोणीतरी आत. मग त्या गावात जाऊन माणसे उठवीत. डिंकाला गेलेली एक म्हातारी आणि वाट चुकलेले दोन प्रवासी त्या काड्यांमुळे सापडले होते. भिवराबाईंना अक्षर येत नाही. काडी येत होती.

मला ही रीत पसंत नव्हती. माझे म्हणणे तुम्हाला तोंडपाठ होते. टपरीवर एक वही ठेवावी, त्यात नाव, गाव, जाण्याची वेळ, येण्याची वेळ आणि सही असावी. मी तर वहीला रकाने आखून आणले होते. काडी म्हणजे पुरावा नव्हे. ती कोणीही ठेवील, कोणीही उचलील. सही दुसऱ्याला करता येत नाही. तुम्ही म्हणायचात, "कागद ओला झाला का लगदा होते. काडी ओली झाली तरी काडीच." मी म्हणायचो, ही अडाणी पद्धत आहे. तुम्ही म्हणायचात, "म्हनूनच अडाण्याले समजते." हा वाद चार हिवाळे चालला. निकाल लागला नाही. तो लावण्याची घाई मला झाली.

त्या रविवारचे आता लिहितो.

आदल्या आठवड्यात अवकाळी पाऊस झाला होता आणि मागून बोचरी थंडी आली होती. नाल्याला पाणी होते. जाताना माझा पाय घसरला आणि मी कमरेपर्यंत भिजलो, वर सदराही ओला. मास्तर हसले. तुम्ही हसला नाहीत. मला कपडे काढायला लावलेत, तुमचे प्लास्टिक सोडलेत आणि त्यातली कोरडी जोड मला दिलीत. लुंगी आणि वहिनींनी विणलेला तो विटकरी स्वेटर, एक बाही लांब, एक आखूड. मी तुमचाच नियम तुम्हाला ऐकवला, की जोड कोणाला द्यायची नाही. तुम्ही म्हणालात, "नियम माहा आहे. मोडीन बी मीच."

माथ्यावर भाकरी खाताना पुन्हा वही निघाली. मला वाटते, लुंगीवर बसावे लागल्याचा राग मी वहीवर काढला. मी जरा जास्त बोललो. खात्यात मजुरी केली म्हणून व्यवस्था समजत नाही, असे काहीसे म्हणालो. तुम्ही भाकरीचा तुकडा बाजूला ठेवलात आणि घड्याळ पाहिलेत. दोन वाजले होते. "चला," एवढेच म्हणालात.

जाताना तुम्ही पुढे, येताना तुम्ही सर्वांत मागे, हा रिवाज होता. उतरताना तुम्ही अधूनमधून मागून हाक द्यायचात, नुसती "होऽऽ", आणि पुढच्याने ओ द्यायची. नाला ओलांडून मी बराच पुढे आलो तेव्हा तुमची हाक आली. मी रागात होतो. मी ओ दिली नाही.

ती हाक नेहमीची होती, की घसरल्यानंतरची? दशरथभाऊ, एवढे एकच मला कोणी सांगितले असते तर! मी ती हाक मनात पुन्हा पुन्हा ऐकून पाहिली आहे. कधी ती साधी वाटते, कधी शेवटी तुटल्यासारखी. आता तर ती मला कचेरीसमोर भर दुपारी येते. मी एखाद्याचा रेशनकार्डाचा अर्ज लिहीत असतो, हात थांबतो, आणि समोरचा विचारतो, "काय झालं जी?" एकदा मी मोठ्याने ओ दिली. शेजारचा स्टॅम्पवाला माझ्याकडे पाहत राहिला.

घाटाच्या तोंडाशी आलो तेव्हा मास्तर आणि मोंडलबाबू आपापल्या काड्या उचलून टपरीवर पोहोचले होते. दगडावर दोन काड्या होत्या. एक लाल फितीची आणि एक तुमची.

मी दोन्ही उचलल्या.

लिहायला तीन शब्द लागले. कारण लिहायला तेवढे पुरणार नाहीत. मला वाटले, तुम्ही मागोमाग याल, दगडावर हात फिरवाल, काडी सापडणार नाही, आणि मी चहाचा कप धरून सगळ्यांदेखत म्हणेन, "घ्या दशरथभाऊ, तुमची हाजरी मी लावली. आता सांगा, काडी हा पुरावा आहे काय?" वाक्य मी मनात तयार करून ठेवले होते. चांगले वाक्य होते. काडी स्वेटरच्या खिशात घातली.

टपरीवर पोहोचलो तेवढ्यात चामोर्शीकडे जाणारी काळीपिवळी जीप आली. नंतरची कधी येईल याचा भरवसा नसतो. मास्तरांनी माझी जागा धरली. मोंडलबाबूंनी विचारले, "दशरथदा?" मी म्हणालो, मागेच आहेत. तुमचे घर पायथ्याच्या गावात, बांधावरून सरळ जाणारे. तुम्ही कितीदा टपरीवर न येताच घरी जायचात. त्यामुळे कोणाला काही वावगे वाटले नाही. मी लुंगीवर आणि तुमच्या स्वेटरमध्ये गाडीत चढलो. ते वाक्य पुढच्या रविवारसाठी राखून ठेवले. काडी मी विसरलो.

पुढचे मी पाहिलेले नाही, पण ऐकलेले सर्व लिहितो. दिवस बुडताना भिवराबाईंनी कपाळावर हात धरून दगडाकडे पाहिले. दगड रिकामा. त्यांनी टपरी झाकली. अंधार पडल्यावर वहिनींनी विचारायला माणूस पाठवला तेव्हा त्यांनी छातीठोकपणे सांगितले, "काडी नाई आहे दगडावर. निंगाला तो. बसला असन कोनाच्या घरी." मग कोणी शोधायला गेले नाही. काडी नसताना जंगलात शोधायला जाण्याची गावाला सवय नव्हती. ती सवय तुम्हीच मोडली होती.

सकाळी धुके होते. वहिनींनीच गाव उठवले. तुम्ही नाल्यापासून चाळीसेक पावलांवर टेकाडावर सापडलात. उजवा पाय घोट्यातून फिरला होता. चिखलातून वर सरपटत गेल्याची रेघ होती. ओला सदरा काढून फांदीवर टाकलेला होता. अंगाखाली आणि अंगावर सागाची पाने होती, पावसाने ती आतून ओली होती. चुन्याची डबी उघडी होती आणि तिच्यातल्या सगळ्या काड्या जळालेल्या होत्या. तुम्ही आम्हाला शिकवलेले एकूण एक केले होते. फक्त कोरडी जोड माझ्या अंगावर होती आणि माणसे बोलावणारी काडी माझ्या खिशात होती.

डॉक्टरांनी कारण थंडी असे लिहिले.

त्याच दिवशी पोलिसांनी आमचे जबाब घेतले. शिपाई म्हणाला, तुमचा तुम्हीच लिहून द्या, तुमचे अक्षर चांगले आहे. मी लिहिला. 'मी सदर दगडाजवळ पोहोचलो तेव्हा माझी लाल फीत बांधलेली काडी तेथे होती. ती मी उचलली व चहाच्या टपरीकडे गेलो.' त्यात एकही वाक्य खोटे नाही. सत्तावीस वर्षांत मी इतका निर्दोष मजकूर लिहिला नव्हता. खाली सही केली. सही दुसऱ्याला करता येत नाही, हे खरेच आहे.

घरी येऊन स्वेटर पाहिला. तोवर मला आठवले होते, तरी खिशात हात घालायला मी बराच वेळ लावला. काडी होती. नंतर ती मी कचेरीसमोरच्या टेबलाच्या खणात, शाईच्या पॅडखाली ठेवली. स्वेटर बायकोकडून धुऊन घेतला आणि तिसऱ्या दिवशी घडी करून वहिनींकडे पोहोचवला. तो तुम्ही मला कसा दिलात हे मी सर्वांसमोर गहिवरून सांगितले. लोकांनी डोळे पुसले. काडीचे मी बोललो नाही.

त्यामुळे काय झाले ते तुम्हाला कळले पाहिजे. तुमच्यामागे गावात गोष्ट तयार झाली. काडी दगडावर नव्हती, म्हणजे तुम्ही बाहेर आला होता. बाहेर येऊन काडी उचललीत आणि पुन्हा आत गेलात. का गेलात? कोणी म्हणे, नाल्यावर भूत होऊन फिरणाऱ्या बाईने हाक मारली, असल्या हाकेला ओ द्यायची नसते. कोणी म्हणे, काही विसरले असेल. आणि कोणी हळू आवाजात म्हणे, घरी काही झाले असेल.

घरी झाले होतेच. त्या रविवारी सकाळी वहिनींनी तुम्हाला अडवले होते. पाऊस पडून गेला आहे, नका जाऊ, म्हणाल्या होत्या. तुम्ही हसून पिशवी उचललीत तेव्हा त्या चिडून म्हणाल्या होत्या, "जा मंग. तिकडेच राहा. येऊच नोका." असे आपल्याकडच्या बायका दिवसातून दोनदा म्हणतात. त्यांनी ते मला बाकावर बसून सांगितले. मेथीची जुडी सोडून पुन्हा बांधत होत्या. "तोंडातून निंगालं जी. त्याइनं मनावर घेतलं का? दगडापावतर आले, काडी उचलली, आन् माहं बोलनं आठवून फिरले का?"

आणि भिवराबाई. त्या चंद्रपूरला जाऊन डोळे तपासून आल्या. टपरीवर मी गेलो तेव्हा माझ्यासमोर बोटे धरून मोजून दाखवत होत्या. "डाक्टर म्हंते, डोळे बरे आहेत. मंग मले तुमच्या भाऊची काडी काऊन नाई दिसली? असन ना तिथी? धुकं होतं का त्या वक्ती?" मी चहा प्यालो. मी म्हणालो, वयोमानाने असे होते. दशरथभाऊ, मी असे म्हणालो.

तुमची काडी माझ्या खणात होती आणि दोन बायका तिचा जाब स्वतःला विचारीत होत्या.

तर वहिनींनी सांगितल्याप्रमाणे मी तुम्हाला विचारतो, आणि तुमच्या वतीने मीच उत्तर देतो, कारण ते देण्यास दुसरा कोणी उरलेला नाही. तुम्ही परत गेला नाहीत. तुम्ही बाहेर आलाच नव्हता. तुमची काडी तुम्ही उचलली नाही. ती मी उचलली, एका वादात वरचढ ठरण्यासाठी. ती दगडावर असती तर दिवस बुडताच भिवराबाई गावात गेल्या असत्या आणि कंदील, घोंगड्या घेऊन माणसे नाल्यावर पोहोचली असती. तोवर तुम्ही जिवंत असता. दिवस बुडाला तेव्हा त्या डबीत जाळायला अजून काड्या होत्या.

इथपर्यंत मी बाजाराच्या आधी लिहिले होते. पुढचे आता लिहीत आहे.

वहिनी आल्या. मी त्यांना टेबलासमोर न बसवता कचेरीच्या मागच्या ओट्यावर नेले आणि सगळे वाचून दाखवले. माझा आवाज अर्ज वाचून दाखवतानाचा असतो तसाच होता. दुसरा आवाज मला येत नाही. त्या खाली पाहत होत्या. तीन शब्दांच्या त्या वाक्यापाशी त्यांनी मान वर केली, पण मला थांबवले नाही. वाचून झाल्यावर मी पाने जुळवीत बसलो.

त्या म्हणाल्या, "मंग ते वापस नाई गेले."

"नाही, वहिनी."

"येतच होते."

"येतच होते."

त्यांनी पदराने तोंड पुसले. मला वाटले, आता शिव्या देतील. मी त्यासाठी तयारी केली होती, अगदी काय बोलायचे तेही ठरवले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "स्वेटर काऊन धुतला?"

त्यांनी हे का विचारले, हे मला उशिरा कळले. तुमच्या अंगाचा वास त्यात असलेला तो शेवटचा कपडा होता. मी तो साबणाने धुऊन, घडी करून, त्यांच्या हातात ठेवला होता, आणि आलेल्या लोकांनी माझे कौतुक केले होते.

"काडी कुठी आहे?"

मी खणातून काढून दिली. त्यांनी खाचेवरून अंगठा फिरवला. मग ती पिशवीतल्या मेथीच्या जुडीत खोवली आणि उठल्या. मीही उठलो. त्यांनी या म्हटले नाही, नका येऊ असेही म्हटले नाही. काळीपिवळीत त्या पुढे बसल्या, मी मागे. 

घाटाच्या तोंडाशी उतरलो तेव्हा उन्हे कलली होती. वहिनी आधी राशीपाशी गेल्या, दगड टाकला, हात जोडले. मग काडी दगडावर ठेवली. वारा होता, ती घरंगळू नये म्हणून खाचेचे टोक दगडाच्या चिरेत बसवले. मी लाल फितीची माझी काडी सोबत आणली होती. ती काढायला खिशात हात घातला, तर वहिनी म्हणाल्या, "तुमची नोको." मी हात बाहेर काढला.

टपरीवर जाऊन भिवराबाईंना मी स्वतः सांगितले. इथे मात्र कागद काढला नाही. उभ्यानेच सांगितले. त्या चुलीत लाकूड सारत होत्या, ते तसेच हातात राहिले. ऐकून झाल्यावर त्यांनी मला चहा दिला नाही. मागायला मला तोंड नव्हते. दुसऱ्या दिवशी मी ठाण्यात जाऊन पुरवणी जबाब दिला. एका परिच्छेदाचा. त्याचे जे व्हायचे ते होईल. वारसांच्या फेरफाराचा अर्ज वहिनींनी दुसऱ्या माणसाकडून लिहून घेतला, असे कळते. त्यात दोन चुका आहेत. मी त्या दाखवायला गेलो नाही.

हे मी रविवारच्या मंडळींत वाचणार आहे आणि छापायलाही देणार आहे, कारण गावात तयार झालेली गोष्ट तोंडी पुसली जाणार नाही. तुमच्यावर हाकेला भुलल्याचा ठपका नको आणि वहिनींवर बोलल्याचा नको. हिवाळ्यात डोंगरात जाणाऱ्यांसाठी तुमचे नियम वर आले आहेत. त्यांत माझ्याकडून एकाची भर घालतो. दुसऱ्याच्या काडीला हात लावायचा नाही, गमतीनेही नाही. रकाने आखलेली माझी वही मी चुलीत घातली नाही. ते नाटक झाले असते. ती खणात आहे, कोरी. तुमची बाजू बरोबर होती असे मला अजूनही वाटत नाही. काडी कोणीही उचलू शकतो, हे मी सिद्ध करून दाखवलेच आहे. पण हे तुम्हाला माहीत होते. माहीत असून तुम्ही ती आमच्यासमोर उघड्या दगडावर ठेवून आत जात होता.

त्या संध्याकाळचे शेवटचे राहिले. परतीच्या गाडीची वाट पाहत मी रस्त्याच्या कडेला उभा होतो. वहिनी बांधावरून घराकडे निघाल्या होत्या. सूर्य डोंगरामागे गेला आणि नाल्याकडून गारवा उतरू लागला. भिवराबाईंनी चूल विझवली, भांडी उपडी घातली, झाप ओढण्याआधी बाहेर आल्या आणि नेहमीप्रमाणे कपाळावर हात धरला. बराच वेळ पाहत राहिल्या. मग बांधावर पोहोचलेल्या वहिनींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"दिसते व बाई. एक आहे."

वहिनी वळल्या नाहीत, पण थांबल्या. भिवराबाईंनी झाप ओढला नाही. त्या तशाच दगडाकडे तोंड करून पायरीवर बसल्या. गाडी आली तेव्हा मी चढलो, आणि त्या तिथेच होत्या.